मोझॅकची पहिली पाटी : सामान कसे निवडावे

मोझॅक म्हणजे दगड, काच किंवा चिनी मातीचे छोटे तुकडे पक्क्या पायावर शेजारी शेजारी बसवून, मधल्या फटी भरून केलेले चित्र किंवा नक्षी. महाराष्ट्रात हा शब्द अनेकांना ठाऊक असतो तो जुन्या इमारतींतल्या ठिपक्याठिपक्यांच्या लाद्यांमुळे. सिमेंटमध्ये संगमरवराची बारीक खडी घालून, वरून घासून गुळगुळीत केलेली ती लादी वेगळी. दुकानात नुसते ‘मोझॅक’ मागितले तर आजही काही ठिकाणी तीच पुढे येते. इथे ज्याबद्दल बोलायचे आहे त्याचा जवळचा नमुना गच्चीवर सापडतो. पांढऱ्या टाइलचे फुटके तुकडे सिमेंटमध्ये दाबून केलेले चायना मोझॅक ऊन परतवते, पाणी उतारावरून वाहून जाऊ देते, आणि ते करणाऱ्या गवंड्याच्या घमेल्यात आणि थापीत या कलेचे निम्मे तंत्र असते. बाकीचे निम्मे म्हणजे कोणता तुकडा, कोणत्या आकाराचा, कशाशेजारी.

नवख्याची खरेदी बहुधा उलट्या टोकाने सुरू होते. आधी कापायचे हत्यार येते, मग रंगीत तुकड्यांची पिशवी, आणि चिकटवायला घरात जे असेल ते. मोझॅकमध्ये मात्र एक निवड दुसरीला बांधलेली असते. काम कुठे लागणार यावर पाया ठरतो. पाया आणि तिथले पाणी यांवर चिकटवण्याचा पदार्थ ठरतो. तुकडा किती जाड आणि किती टणक, यावर हत्यार ठरते. हत्यार आधी घेतले की पुढचे सगळे त्याच्या मर्जीने करावे लागते, आणि बहुतेक अर्धवट टाकलेल्या कामांचे कारण तिथेच असते.

उदाहरणादाखल दाराशेजारी लावायची २० सेंटिमीटर बाजूची चौकोनी पाटी धरावी. तिच्यावर घराचा क्रमांक किंवा एखादेच अक्षर. पूर्ण आडनाव पहिल्या प्रयत्नाला जड जाते. वेलांट्या आणि जोडाक्षरे यांना फार बारीक तुकडे लागतात. एक सेंटिमीटरच्या तुकड्यांत देवनागरी आकडा ओळखू यायचा तर तो निदान सात-आठ सेंटिमीटर उंच हवा. सपाट पाटी निवडण्याचे कारणही साधे आहे. कुंडी किंवा फुलदाणी पाहायला मोहक वाटते, पण गोलाईवर सपाट तुकड्यांचे कोपरे वर राहतात, ओल्या चिकटावरून तुकडे खाली सरकतात, आणि मातीच्या कुंडीत तर आतले पाणी भिंतीतून पाझरून तुकड्यांना मागून ढकलते. कुंडी करायचीच असेल तर आतल्या बाजूला आधी जलरोधक लेप द्यावा लागतो. तो उद्योग दुसऱ्या-तिसऱ्या कामासाठी ठेवलेला बरा.

ही पाटी फ्लॅटच्या बंद जिन्यात लागणार की कंपाउंडच्या भिंतीवर, हा पहिला प्रश्न. बंद जिन्यात १२ मिलिमीटर जाडीचा प्लायवुड चालतो. त्याहून पातळ प्लाय ओलाव्याने वाकतो, आणि पाया वाकला की फटींत भेगा दिसू लागतात. एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत असतो, पण पाणी लागले की फुगतो आणि पुन्हा बसत नाही, तो टाळावा. दमट जागेसाठी मरीन प्लाय मिळतो, त्यावर आयएस ७१० हा मानक क्रमांक छापलेला असतो. प्लाय कोणताही असो, एक भाग फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद आणि चार भाग पाणी यांचा हात दोन्ही बाजूंना व कडांना द्यावा, वाळल्यावर वरच्या बाजूवर ब्लेडने आडव्याउभ्या रेघा ओढाव्यात. मागची कडी किंवा हूक तुकडे चिकटवण्याआधीच बसवायचा असतो. नंतर ठोकाठोकी केली तर समोरचे तुकडे हादरून सुटतात.

बाहेर, पावसात, लाकूड नको. कोकणातला किंवा मुंबईचा एक पावसाळा मरीन प्लायच्याही कडा उघडतो. तिथे सिमेंटचा फायबर बोर्ड घ्यावा किंवा सरळ दगड. फरशीच्या वखारीत कडप्प्याचे, शहाबादीचे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. हवा तेवढा चौकोन कापून मिळतो. दगड वाकत नाही, फुगत नाही, कुजत नाही. फक्त तुकडे त्याच्या पॉलिश न केलेल्या, खडबडीत बाजूवर बसवायचे. वजनही लक्षात ठेवायचे: २० सेंटिमीटरचा, दोन सेंटिमीटर जाड कडप्पा एकटाच दोन किलोंच्या वर भरतो. अशी पाटी खिळ्याला टांगायची नसते, भिंतीतच सिमेंटने बसवायची असते.

आता तुकडे. मोझॅकचा इतिहास पाहिला तर कापण्याची कला नंतरची आहे. ग्रीसमधील पेला येथे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातल्या घरांच्या जमिनींवर शिकारीची दृश्ये आहेत, आणि ती नदीकाठच्या न कापलेल्या गोट्यांची आहेत. रंग आणि आकार यांनुसार गोटे वेचणे हेच तिथले कसब. त्यामुळे ज्याला हत्यारावर एक पैसाही घालवायचा नाही, त्याला ही वाट आजही मोकळी आहे. पुढे कापलेले दगड आले आणि तुकडा लहान लहान होत गेला. पाँपेई येथे १८३१ मध्ये सापडलेल्या, आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या अलेक्झांडरच्या लढाईच्या मोझॅकमध्ये पंधरा लाखांच्या आसपास तुकडे असावेत असा अंदाज केला जातो. इटलीतील राव्हेन्ना येथील सान व्हिताले या इसवी सन ५४७ च्या चर्चमध्ये भिंती झळकतात त्या स्माल्टीमुळे, म्हणजे रंगीत अपारदर्शक काचेच्या जाड थापा करून फोडलेल्या तुकड्यांमुळे. स्माल्टी आजही इटलीत बनते. ती महाग आहे, इथे सहज मिळत नाही, आणि तिचा खडबडीत पृष्ठभाग पहिल्या पाटीला शोभणारही नाही.

नवख्यासाठी सर्वांत सोयीच्या आहेत त्या पोहण्याच्या तलावात लावतात त्या छोट्या काचेच्या टाइल. टाइलच्या मोठ्या दुकानात ‘ग्लास मोझॅक’ म्हणून त्या मागाव्यात. नेहमीचा आकार २० मिलिमीटर चौरस, जाडी चार मिलिमीटर, पाठीला खाचा. त्या साधारण एक चौरस फुटाच्या शीटवर चिकटवलेल्या येतात. अशा शीटवर १५ ओळींत १५, म्हणजे २२५ टाइल बसतात. शीट दोन तऱ्हांच्या असतात. काहींना दर्शनी बाजूला कागद असतो. गरम पाण्यात भिजवला की तो सुटतो. काहींना मागे जाळी असते, आणि ती सोडवताना बोटे दुखून येतात. शक्य असेल तर कागदाची घ्यावी. या टाइलचा खरा गुण रंगात नसून जाडीत आहे. सगळे तुकडे एकाच जाडीचे असले की पृष्ठभाग आपोआप सपाट येतो आणि फटी भरणे सोपे जाते. रंग काचेत आरपार असतो, म्हणून तुकडा कुठूनही कापला तरी कडेला तोच दिसतो.

भिंतीच्या चकचकीत सिरॅमिक टाइलमध्ये तसे नसते. रंग फक्त वरच्या थरात, आत लाल किंवा पांढरी भाजलेली माती. कापलेली कड तशीच दिसते. तरी त्या स्वस्त आहेत, दुकानाच्या मागे फुटक्या पेट्यांत फुकटही मिळतात, आणि पुरेशा मऊ असल्याने हाताने तुटतात. अट एकच, ती टाइल व्हिट्रिफाइड नसावी. वरून पाहून दोन्ही ओळखता येत नाहीत, पण मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाकला की फरक कळतो. सिरॅमिक थेंब शोषून घेते, व्हिट्रिफाइडवर तो तसाच उभा राहतो. मानकांच्या भाषेत पहिलीचे जलशोषण दहा टक्क्यांच्या वर, तर दुसरीचे अर्ध्या टक्क्याच्या आत असते. हीच घनता व्हिट्रिफाइडला इतकी टणक करते की हातातल्या निपरने, म्हणजे तुकडे तोडायच्या पकडीने, ती कुरतडली जाते, सरळ तुटत नाही.

फुटक्या कपबशांचे आकर्षण मोठे असते, आणि त्याला थोर परंपरा आहे. बार्सिलोनातील पार्क ग्वेल येथील नागमोडी बाक, अंतोनी गावदी आणि त्याचा सहकारी जुझेप मारिया जुझोल यांनी, फुटक्या टाइल आणि भांड्यांच्या तुकड्यांनी मढवले. चंडीगढमध्ये नेकचंद यांनी बांधकामाच्या कचऱ्यातून, फुटक्या चिनी मातीतून आणि बांगड्यांतून रॉक गार्डन उभे केले; १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. मात्र दोन्ही ठिकाणी तुकडे सिमेंटच्या जाड थरात दाबलेले आहेत. त्या थरात जाडीतला फरक आणि गोलाई जिरून जाते. पातळ चिकटावर बसवलेला वाकडा कपाचा तुकडा एका बाजूने टेकतो आणि दुसऱ्या बाजूने बोट कापतो. तेव्हा बशीचा सपाट तळ घ्यावा, कपाची पोटे सोडून द्यावीत. न फुटणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काचेच्या ताटल्या मुळीच घेऊ नयेत. त्या फुटतात तेव्हा बारीक चुरा होऊन उडतात. बांगड्यांचे तुकडे गोल असल्याने पायाला जेमतेम रेघेइतके टेकतात, त्यांना दोन भाग मिसळून करायचा इपॉक्सीच धरून ठेवतो. आरसा पाटीला उठाव देतो, पण त्याची पाठ नाजूक असते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन त्या पाठीचा मुलामा खाते आणि काही महिन्यांत समोरून काळे डाग दिसतात. आरशासाठी न्यूट्रल लिहिलेले सिलिकॉन मागावे.

तुकडे ठरले की हत्यार जवळजवळ आपोआप ठरते. काचेच्या टाइलसाठी चाकांचा निपर घ्यायचा. पकडीसारख्या या हत्याराच्या जबड्यात टंगस्टन कार्बाइडची दोन छोटी चाके समोरासमोर असतात. टाइलची कड चाकांत थोडीशी घ्यायची, दोन्ही चाके ज्या रेषेत आहेत त्या रेषेत तडा जातो. मूठ टोकाशी धरली की जोर कमी लागतो. जबड्याजवळ धरणाऱ्याचे मनगट अर्ध्या तासात भरून येते. चाकांचा एक भाग बोथट झाला की ॲलन चावीने स्क्रू सैल करून चाक किंचित फिरवायचे, नवी धार पुढे येते. म्हणून घेताना चाके फिरवता आणि बदलता येतात की नाही, हे पाहावे. स्वस्त निपरमध्ये चाके साध्या पोलादाची असतात, दोन्हींच्या कडा एकमेकींसमोर नीट येत नाहीत, आणि काच तुटण्याऐवजी चिरडते. मोझॅकच्या सामानात पैसे वाचवू नयेत अशी जागा ही एकच.

सिरॅमिकसाठी वेगळा निपर असतो, चोचीसारख्या तिरक्या जबड्याचा; टाइल बसवणारे कारागीर तो नळाभोवतीची टाइल कुरतडायला वापरतात. याने कडेचा फक्त तीन-चार मिलिमीटर भाग पकडायचा आणि दाबायचे, तडा पुढे स्वतः जातो. मोठा घास घेतला की टाइल मनाला येईल तशी फुटते. मोठ्या टाइलच्या सरळ पट्ट्या हव्या असतील तर स्वतःचा टाइल कटर विकत घेण्यात अर्थ नाही. दुकानदार किंवा ओळखीचा कारागीर पाच मिनिटांत पट्ट्या पाडून देतो. आरशासाठी आणि सपाट काचेसाठी ग्लास कटर. त्याने काच कापली जात नाही, वर एक चरा पडतो, आणि त्या चऱ्यावर काच मोडायची असते. चरा एकदाच ओढायचा. पुन्हा त्यावरून फिरवले की धार जाते आणि काच भलतीकडे तडकते. दगड आणि स्माल्टी फोडायला उभ्या छिन्नीसारखी ऐरण आणि वक्र हातोडा अशी जोडी लागते. इटलीत स्पिलिंबेर्गो येथे १९२२ पासून चालू असलेल्या मोझॅकच्या शाळेत विद्यार्थी आजही ती जोडी वापरायला शिकतात, पण घरच्या पहिल्या पाटीशी तिचा संबंध नाही. ग्राइंडरचाही नाही. त्याची धूळ सिलिकाची असते, आणि ती फुप्फुसांत गेली की बाहेर येत नाही.

बाकीचे सामान घरात किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळते. लांबी भरायची पट्टी, तुकडे उचलायला चिमटा, जुना दाताचा ब्रश, दोन स्पंज, रबरी हातमोजे, कडा घासायला पॉलिश पेपर. चष्मा मात्र संरक्षक, बाजूंनी बंद असलेलाच हवा. काचेचा कण सरळ समोर उडत नाही. तुकडे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून कापले तर कण खोलीभर पसरत नाहीत. टेबल हाताने झाडू नये, आणि त्या खोलीत अनवाणी फिरू नये.

चिकटवण्याच्या पदार्थाबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत, कारण कोणताही पदार्थ पहिल्या दिवशी चिकटलेलाच दिसतो. सुतारकामाचा पांढरा गोंद पाणी उडून वाळतो. ते पाणी बाहेर पडायला एक तरी बाजू शोषणारी हवी. प्लायवर सिरॅमिक किंवा काच असेल तर लाकूड पाणी पिते आणि गोंद घट्ट होतो. काचेवर काच चिकटवली तर मधला गोंद दिवसेंदिवस ओलाच राहतो. दुसरी मर्यादा पाण्याची: वाळलेला पांढरा गोंद सतत ओलाव्यात पुन्हा मऊ पडतो. म्हणून बंद जिन्यातल्या प्लायच्या पाटीला तो उत्तम, आणि पावसातल्या पाटीला निरुपयोगी. त्याचा मोठा फायदा असा की तो सावकाश वाळतो. तुकडा सरकवता येतो, उचलून बदलता येतो, आणि नवख्याला याचीच गरज असते.

बाहेरच्या पाटीला सिमेंटचा टाइल ॲडहेसिव्ह लागतो, पॉलिमर मिसळलेला. करडा स्वस्त असतो, पण काचेच्या टाइलमागे तो लावला की रंग मळके दिसतात, कारण काच थोडा तरी प्रकाश आत घेते. तिथे पांढराच घ्यावा. पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाणी घालायचे, कालवून पाच-दहा मिनिटे मुरू द्यायचे, पुन्हा एकदा हलवायचे. घट्ट होऊ लागल्यावर वरून पाणी घालून सैल करण्याची सवय अनेकांना असते. त्याने माल सैल होतो आणि ताकद जाते. एका वेळी तळहाताएवढ्या जागेवर दोन-तीन मिलिमीटरचा थर द्यावा. सगळी पाटी एकदम लिंपली तर शेवटच्या तुकड्यापर्यंत पोहोचेतो वर साय धरलेली असते, आणि त्या सायीवर ठेवलेला तुकडा वर्षभरात गळतो. नुसत्या पांढऱ्या सिमेंटवरही काम होते, गच्च्यांवर होतच आले आहे, पण तिथे थर जाड असतो आणि गवंड्याचा हात सरावलेला असतो.

तुकडे उलटे कागदावर चिकटवून मग सगळे चित्र एकदम सिमेंटवर पालथे घालण्याची पद्धतही आहे. त्यासाठी मैद्याची खळ पुरते, ती नंतर पाण्याने सुटते. जाडी कमी-जास्त असलेल्या तुकड्यांतून सपाट पृष्ठभाग मिळवायला ही पद्धत चांगली. मात्र चित्र आरशातल्यासारखे उलटे काढावे लागते, आणि आकडे-अक्षरांच्या पाटीत ते विसरले की सगळी मेहनत वाया जाते.

किती माल लागेल याचा हिशेब सोपा आहे. फट दोन मिलिमीटर धरली तर २० सेंटिमीटरच्या पाटीत एका ओळीत नऊ अखंड काचेच्या टाइल बसतात, एकूण ८१. त्याच टाइल चार भागांत कापल्या तर ओळीत १६, एकूण २५६ तुकडे, म्हणजे ६४ टाइल. सुरुवातीला चारांतला एक तुकडा वाया जातो असे धरून शंभर टाइल पुरेशा होतात, तेव्हा एका शीटमध्ये दोन पाट्या निघतात. अडचण रंगांची येते, कारण शीट बहुधा एकाच रंगाची किंवा दुकानदाराने ठरवलेल्या मिश्रणाची असते. अशा वेळी सुटे तुकडे वजनावर देणारा विक्रेता शोधावा किंवा दोघा-तिघांनी मिळून शीट वाटून घ्याव्यात. तीन रंग पुष्कळ झाले. ते निवडताना लाल-निळ्यापेक्षा गडद-फिक्याकडे पाहावे. तुकडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला की कोणते दोन एकमेकांत बुडतात ते लगेच दिसते; लाल जमिनीवरचा हिरवा आकडा दुकानात उठून दिसतो आणि फोटोत नाहीसा होतो.

फटी भरण्याचा ग्राउट हा खरे तर आणखी एक रंग आहे, आणि तो सर्वांत शेवटी, घाईत निवडला जातो. पांढरा ग्राउट रंगांना फिके करतो आणि प्रत्येक तुकडा सुटा दाखवतो. काळ्यात रंग भडक होतात, पण काळे तुकडे हरवतात. मधला करडा बहुतेक सगळ्यांना सांभाळून घेतो. पहिल्या पाटीला तोच. तीन मिलिमीटरपर्यंतच्या फटींना बारीक, रेतीविरहित ग्राउट, त्याहून रुंद फटींना रेती मिसळलेला. रुंद फटीत बारीक ग्राउट आक्रसून तडकतो. प्रमाण अगदी थोडे लागते. या पाटीला पाव किलोही जास्त होतो.

ॲडहेसिव्ह लावल्यावर निदान एक दिवस थांबून ग्राउट भरावा, तोही हातमोजे घालून, कारण ओले सिमेंट कातडी खाते. पंधरा-वीस मिनिटांनी पिळलेल्या स्पंजाने वरचा थर पुसायचा, तुकड्यांवर उरलेली पांढुरकी झाक वाळल्यावर कोरड्या फडक्याने घासून काढायची. ही झाक काढायला कारागीर ॲसिड वापरतात. तुकड्यांत संगमरवर असेल तर ते त्याची चमक कायमची घालवते, आणि ग्राउटही पोखरते. त्याऐवजी वेळेवर पुसलेले बरे. भरलेली पाटी उन्हात ठेवू नये. गवंडी भिंतीला पाणी मारतो त्याच कारणाने तिच्यावर दोन दिवस ओलसर फडके घालावे; सिमेंट सावकाश वाळले की पक्के होते. उरलेला ग्राउट आणि स्पंज धुतलेले पाणी मोरीत ओतायचे नसते, ते नळीत जाऊन दगड होते. बादलीत गाळ बसू द्यावा, वरचे पाणी झाडांना न घालता बाहेर ओतावे, गाळ वाळला की कचऱ्यात टाकावा. ग्राउट आणि ॲडहेसिव्हची उघडी पाकिटे पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून गठ्ठ होतात. पुढच्या कामासाठी ठेवायची असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यावर उघडल्याची तारीख लिहून.